अस्तराच्या मिलिमीटरवर बाईला दोष देऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वंध्यत्वावरील उपचारांविषयी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून हल्ली बरेच लिहिले जाते आणि ते आवश्यकही आहे. मात्र गोठवलेल्या भ्रूणाच्या प्रत्यारोपणाचा (प्रयोगशाळेत तयार करून गोठवलेला भ्रूण नंतर गर्भाशयात सोडण्याचा) विषय निघाला की सगळा भर भ्रूण जिथे रुजतो त्या गर्भाशयाच्या अस्तराच्या जाडीवर येतो, आणि त्यातून जो समज पसरतो त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. कोल्हापुरातील राजारामपुरी, ताराबाई पार्क भागातील उपचार केंद्रांत गडहिंग्लज, गारगोटी, निपाणी, कणकवलीपासून जोडपी येतात. तिथल्या बाकांवर बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो “लायनिंग किती आलं?” हा. सोमवारी नऊ मिलिमीटर असलेले अस्तर प्रत्यारोपणाच्या दिवशी आठ भरले आणि पुढे गर्भ राहिला नाही, की घरात निष्कर्ष तयार असतो: एसटीचा प्रवास झाला, घागर उचलली, पथ्य पाळले नाही, म्हणून अस्तर उतरले. या निष्कर्षाला शास्त्राचा आधार नाही.

औषधे देऊन केलेल्या पाळीच्या चक्रात आधी साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) दिले जाते. त्याने अस्तर वाढते आणि सोनोग्राफीत त्याच्या तीन रेषा स्पष्ट दिसू लागतात. जाडी सात मिलिमीटरच्या आत राहिली तर डॉक्टर सहसा थांबून विचार करतात, पण तेवढ्याने गर्भ राहणारच नाही असे ठरत नाही. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक सुरू होते आणि पाच दिवसांचा भ्रूण प्रोजेस्टेरॉनच्या सुमारे सहाव्या दिवशी गर्भाशयात सोडतात. प्रोजेस्टेरॉनचे काम जाडी वाढवण्याचे नाहीच. त्याच्या प्रभावाने पेशींची वाढ थांबते, ग्रंथी स्राव तयार करू लागतात, रक्तवाहिन्या पीळदार होतात आणि तीन रेषा पुसून अस्तर एकसारखे पांढरट दिसू लागते. या काही दिवसांत ते थोडे दबू शकते, तेवढेच राहू शकते किंवा किंचित वाढूही शकते, आणि या तिन्ही प्रकारांत गर्भ राहिल्याची उदाहरणे आहेत.

उलट, दबणे हेच चांगले लक्षण असावे, असे कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी 2019 मध्ये मांडले. प्रोजेस्टेरॉननंतर ज्यांचे अस्तर पाच टक्के किंवा त्याहून अधिक दबले, त्यांच्यात गर्भ टिकण्याचे प्रमाण जास्त आढळले. कल्पना आकर्षक होती, कारण अस्तराने प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद दिला याचा तो पुरावा ठरला असता. पण त्याच वर्षी चीनमधील एका अभ्यासात अस्तर वाढलेल्या स्त्रियांचा निकाल अधिक चांगला निघाला, आणि पुढच्या काही अभ्यासांत जाडीतला बदल आणि गर्भ राहणे यांत संबंधच सापडला नाही. हा गोंधळ बराचसा मोजमापातला असावा, असे मला वाटते. नऊ मिलिमीटरचे पाच टक्के म्हणजे अर्धा मिलिमीटरही होत नाही. सोनोग्राफीचा प्रोब किंचित तिरका झाला किंवा मोजणारा बदलला, तरी एवढा फरक पडतो. शिवाय टोरांटोच्या अभ्यासात पहिले माप योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीचे होते, तर प्रत्यारोपणाच्या दिवशीचे पोटावरून घेतलेले. ज्या आकड्यावर संशोधकांचे एकमत नाही, त्यावरून सासरच्यांनी सुनेला बोल लावावा हे फारच झाले.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रानात ओल किती खोल गेली यावर पेरणी ठरत नाही, वाफसा आला की नाही हे पाहावे लागते. (बाईला शेताची उपमा देऊन दोष तिच्यावर ढकलण्याची रीत जुनी आहे, माझा हेतू नेमका उलटा आहे.) अस्तराचा हा वाफसा ओळखण्याचे खात्रीचे साधन अजून नाही. अस्तराचा तुकडा काढून प्रत्यारोपणाची वेळ ठरवणारी महागडी चाचणी आपल्याकडेही सुचवली जाते. पण 2022 मध्ये अमेरिकेत 767 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात या तपासणीने सुचवलेली वेळ पाळलेल्या गटात 58.5 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या गटात 61.9 टक्के स्त्रियांना मूल झाले; म्हणजे फायदा दिसला नाही. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याच्या उपायाचेही तेच झाले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1364 स्त्रियांच्या अभ्यासात दोन्ही गटांत जिवंत बाळ होण्याचे प्रमाण 26.1 टक्केच राहिले. कर्ज काढून उपचार घेणाऱ्या जोडप्याला पैसे भरण्यापूर्वी हे आकडे कळायला हवेत.

गर्भ न राहण्याचे मोठे कारण अनेकदा भ्रूणातील गुणसूत्रांच्या दोषात असते आणि त्याचा संबंध स्त्रीबीज काढले तेव्हाच्या वयाशी आहे, प्रवासाशी किंवा घागरीशी नाही. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांच्यात नैसर्गिक चक्रातही प्रत्यारोपण करता येते. त्यात बीज सुटल्यावर अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि शरीर स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवते. पूर्णतः औषधांवरच्या चक्रात हा पीतपिंड नसतो आणि अशा गरोदरपणात रक्तदाबाचे विकार अधिक आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. आपल्यासाठी कोणते चक्र योग्य, हा प्रश्न लायनिंगच्या आकड्यापेक्षा आधी विचारण्याजोगा आहे.

सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा 2021 चा कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके आणि दुष्परिणाम यांविषयी जोडप्याचे समुपदेशन करणे त्याने केंद्रांवर बंधनकारक केले आहे. सही घेण्याच्या गडबडीत उरकलेल्या चार वाक्यांना समुपदेशन म्हणता येणार नाही. कोल्हापुरातील केंद्रचालकांना माझी विनंती आहे की, अस्तराची दोन्ही मापे, ती कोणत्या पद्धतीने घेतली हे, आणि सुचवलेल्या प्रत्येक जादा तपासणीचा सिद्ध झालेला फायदा फाइलवर मराठीत लिहून द्यावा, आणि निकाल नकारात्मक आल्यास ‘तुमच्या वागण्याने हे झालेले नाही’ हे वाक्य पती आणि सासूबाईंच्या समोर उच्चारावे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
कोल्हापूर