बंड्याला, बाझलहून (स्वित्झर्लंड)

प्रिय बंड्या,

काल आईशी बोललो, तिच्याकडून कळलं की डॉक्टरांनी यंदा फुटबॉल खेळायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि तालमीतली माणसं लहान पोरांना शिकवशील का विचारायला आली तर तू खोलीतनं बाहेरच आला नाहीस. म्हणून लिहितोय, फोनवर तू हां हां करून ठेवून देशील.

इथं १४ नंबरची ट्राम पकडली की फुटबॉलचं स्टेडियम लागतं, बाझलचे लोक त्याला लाडानं योगेली म्हणतात. ७ जून २००८ ला तिथं युरो कपची पहिली मॅच होती, स्वित्झर्लंड आणि चेक रिपब्लिक. कॅप्टन ॲलेक्स फ्राय, फॉरवर्ड, जन्म याच बाझलचा, आठवड्यापूर्वीच देशासाठी सगळ्यात जास्त गोल करायचा रेकॉर्ड त्याच्या नावावर झालेला. आणि हाफटाइमच्या जरा आधी गुडघा गेला. रडत बाहेर आला रे तो, घरच्या मैदानावर, आणि अख्खी स्पर्धा तिथंच संपली त्याची. मी तो व्हिडिओ बघितला आणि तू शाहू स्टेडियमवर शर्टात तोंड खुपसून बसलेलास तेच डोळ्यासमोर आलं, पुढं बघवेना.

पण परत उभा राहिला तो. डिसेंबर २०११ मधे याच योगेलीत बाझलच्या क्लबनं मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवून चॅम्पियन्स लीगमधनं बाहेर काढलं, त्यातला दुसरा गोल फ्रायचा. देशाकडून ८४ मॅच, ४२ गोल, अजून कुणी मोडला नाही तो रेकॉर्ड. तरी स्वतःच्याच देशाचे प्रेक्षक त्याला बघून शिट्ट्या मारायला लागले आणि त्यानं २०११ ला नॅशनल टीम सोडली. हे मला फार लागलं, एवढं दिलेल्या माणसाला असं करायचं?

२०१३ ला खेळणं थांबवलं. मधे लुझर्न क्लबचा डायरेक्टर होता, पण नंतर बाझलला येऊन काय केलं तर ज्युनियर पोरांचा कोच झाला. ४२ गोलवाला माणूस, शाळेतल्या वयाच्या पोरांना शिकवत होता! मग विल, मग विंटरटूर या क्लबांचा कोच. विंटरटूर म्हणजे तेव्हा खालच्या लीगमधला क्लब, ३७ वर्षं वर आलाच नव्हता, २०२२ मधे शेवटच्या मॅचच्या दिवशी ह्याच्या हाताखाली वर आला. त्यानंतर बाझलनं मोठ्या टीमचा कोच केलं आणि सीझन संपायच्या आतच काढलं, पण तरी तो पुढं आराऊच्या क्लबला गेलाच कोच म्हणून.

तुझा डावा पाय कसा चालायचा ते मला माहितीय, ते त्या पोरांना दुसरं कोण दाखवणार सांग.

आईला सांग थंडी कमी झालीय, काळजी नको. मी मार्चमधे येतोय. पोरं किती आहेत आणि त्यांच्या पायाचे नंबर काय ते तालमीत जाऊन विचारून कळव, इथं सेल लागलाय, बूट घेऊन येतो.

तुझा,
दादा