पाटाच्या वाटेने

सोलापूर
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अर्धवट सांगितलं आणि तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. गेले तीन रविवार मी सायकल घेऊन हिप्परग्याच्या पाटाने जातोय. आपला तोच पाट, जिथे तू माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पोहायला शिकवलंस.

तेव्हा आपल्याला पाणी दिसायचं, पाट दिसत नव्हता. आता कळतं की केवढी जुनी गोष्ट आपल्या पायाखाली होती. हा पाट ज्या हिप्परग्याच्या तलावातून निघतो, तो कागदोपत्री एकरूख तलाव. आदिला नदीवरचा हा मातीचा बांध १८६६ साली सुरू होऊन १८७१ मध्ये पुरा झाला. सव्वादोन किलोमीटरांहून लांब आणि मधल्या भागात एकवीस मीटरांहून उंच. टोपल्यांनी आणि बैलांनी वाहिलेली माती आहे रे ती! पाचच वर्षांनी १८७६ चा मोठा दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. बांधावर उभं राहिलं की माझ्या मनात तेच येतं.

तलावातून तीन कालवे काढले होते, दोन वरच्या अंगाचे आणि एक खालचा. वरचे पावसाळ्याचे चार महिनेच वाहायचे, खालचा बारमाही. का, ते मला जागेवर उभं राहिल्यावर समजलं. वरच्या कालव्याचं तोंड तलावाच्या भरलेल्या पातळीजवळ असतं. पाणी थोडं उतरलं की ते उघडं पडतं. खालच्याचं तोंड बांधाच्या पोटात खोल, त्यामुळे तलाव निम्मा झाला तरी पाणी मिळत राहतं. किती साधा आणि किती पक्का विचार!

पण मला तुला सांगायची आहे ती पाटाच्या उताराची गोष्ट. पाटाच्या कडेने सायकल चालवताना चढ लागतच नाही, आणि उतारही जाणवत नाही. मात्र वाट काही केल्या संपत नाही. पहिल्या रविवारी समोर एक चिंच दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तिथे पोचायला मला वीस मिनिटं लागली, कारण मध्ये ओढ्याची घळ होती आणि पाट घळीच्या कडेकडेने आत जाऊन पुन्हा बाहेर आला होता. जमिनीची जी पातळी, तीच धरून पाट चालतो. थोडा जास्त उतार दिला तर पाणी काठ खरवडून नेणार, कमी दिला तर गाळ बसणार. ही मधली रेघ त्या लोकांनी दुर्बिणीने आणि साखळ्यांनी मोजत रानोमाळ आखली, उन्हातान्हात.

आज पाणी सुटलं होतं. मी ज्वारीचं एक चिपाड पाण्यात टाकलं आणि सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत निघालो. माझ्या सावकाश चालीपेक्षाही ते हळू जात होतं. कुठे गवतात अडकायचं, गोल फिरायचं, परत सुटायचं. मोरीखाली शिरलं तेव्हा मी दुसऱ्या बाजूला जाऊन थांबलो आणि ते बाहेर येईपर्यंत मला खरंच हुरहूर लागली. मोरीचे दगड अजून जागचे हललेले नाहीत. काळा घडीव दगड, छिन्नीचे तिरके घाव बोटाला लागतात, आणि सांध्यातला चुना नखाने खरवडला तरी सुटत नाही.

पाटाच्या खालच्या अंगाला झाडी दाट आणि विहिरींना पाणी, वरच्या अंगाला माळ. पाझरलेलं पाणी वाया जातं असं आपण म्हणतो, पण त्या विहिरी त्याच पाझरावर आहेत.

पुढे मात्र मन खट्टू झालं. वेड्या बाभळींनी काठ इतका गिळलाय की दोन ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागली, मागचं चाक पंक्चर झालं ते वेगळंच. एका जागी तर चारी, म्हणजे पाटातून रानात पाणी नेणारा छोटा फाटा, बुजवून सरळ प्लॉट पाडलेत, खुणेचे दगड रोवून. मला राग आला, अविनाश. आता उजनीचं पाणी उचलून याच तलावात आणतात, म्हणजे दीडशे वर्षांचा तलाव अजून कामाला आहे. आणि त्याच्या चाऱ्या आपण मुरूम टाकून संपवायच्या?

तिथेच एक म्हातारे दारं धरून उभे होते. धोतर खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. गहू भिजवत होते. खोऱ्याच्या दोन फटक्यांत एक सरी बंद, दुसरी उघडी. पाणी त्यांच्या सांगण्यातलं असल्यासारखं वळत होतं. बोलता बोलता तुझ्या आजोबांचा विषय निघाला. "पाटकरी आण्णा? रात्री दोनला कंदील घेऊन यायचे, पाळी कुणाची आणि पाणी कुणाच्या रानात, बघायला," असं म्हणाले. "टेलच्या, पार शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी मिळाल्याबिगर घरी जायचे नाहीत." आण्णा आपल्याला काठावरून हाकलायचे तेव्हा आपल्याला किती राग यायचा, आठवतं? आपण सूर मारून मातीचा काठ ढासळवत होतो, हे मला आज कळलं.

तुझी आठवण काढून त्यांनी विचारलं, "नातू कुठं असतो?" मी म्हणालो, पुण्याला. संक्रांतीला येतोय.

तेव्हा ये. सायकल मी भाड्याने बघून ठेवतो, हवा भरायचा पंप तेवढा तू आण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई बांधून देईल. म्हाताऱ्यांनी हुरड्याचं कबूल केलंय, फक्त म्हणाले, पहाटे लवकर निघा, नऊनंतर ऊन लागतं.

तुझाच,
प्रकाश