अंगण वाकडे नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चित्रपटगृहाचे तोंड न पाहता थेट डीव्हीडीवर उतरलेला एक पोलिसपट परवा पाहिला. नाव देत नाही; या जातीचे इतके निघतात की एकालाच धरून झोडपणे अन्यायाचे होईल. हा म्हणे एका गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग. पहिल्यातला एकही नट यात नाही, दिग्दर्शक नाही, लेखकही नाही. उरले काय, तर नाव आणि त्याच्या शेजारी दोनचा आकडा.

वेष्टनाची अर्धी जागा ज्याच्या चेहऱ्याने व्यापली आहे तो नट नव्वद मिनिटांत जेमतेम दहा मिनिटे दिसतो, तीही एकाच खुर्चीत, फोन कानाला लावून. अशा नटांना दोन-चार दिवसांपुरते बोलावून त्यांचे सगळे प्रसंग एका खोलीत उरकतात, हे आता कोणापासून लपलेले नाही. त्याचा राग नाही. गोष्ट अमेरिकेतली आणि चित्रीकरण स्वस्त पडते म्हणून बल्गेरियात किंवा रुमानियात, याचाही नाही.

राग आला तो अंगचोरपणाचा. चित्रपट पोलिसांच्या विशेष पथकाचा, म्हणजे ज्याला 'स्वॅट' म्हणतात त्याचा. लॉस एंजेलिस पोलिसांनी १९६७ मध्ये असे पथक उभारले, तेव्हापासून या कामाची एक शिस्त घडत गेली आहे. दार फोडून आत शिरताना कोणी कोणता कोपरा सांभाळायचा हे आधीच ठरलेले असते. सोबत्याच्या नळीसमोर यायचे नाही, नेम धरल्याशिवाय चापावर बोट ठेवायचे नाही, हे तर अगदी सुरुवातीचे धडे. इथे सहा जण मेंढरांसारखे आत घुसतात, प्रत्येकाची बंदूक पुढच्याच्या पाठीवर रोखलेली, आणि त्यांचा नायक न उघडलेल्या दाराकडे पाठ करून भाषण देतो! हे नीट बसवायला पैसा लागत नाही. एखाद्या निवृत्त पोलिसाला बोलावून एक दुपार तालीम केली असती तरी भागले असते.

गोळीबाराचेही तेच. नळीतून निघणारा जाळ संगणकावर चिकटवलेला आहे. त्यालाही हरकत नाही. २०२१ मध्ये एका चित्रपटाच्या सेटवर खरी गोळी सुटून छायाचित्रणकार महिलेचा जीव गेला, त्यापेक्षा खोटा जाळ केव्हाही बरा. पण जाळ भडकतो आणि अंधारातल्या चेहऱ्यावर उजेडाची तिरीपही पडत नाही. खांद्याला धक्का नाही, रिकामी पुंगळी उडत नाही. नट बंदूक नव्हे, टॉर्च धरून उभे असावेत असे वाटते. एक मोटार तर दोनदा उडते. दुसऱ्यांदा चित्र आरशातल्यासारखे उलटे केले आहे, एवढाच फरक.

यावर ठरलेले उत्तर येते, बजेटच नव्हते. नाचता येईना म्हणून अंगणाला नावे ठेवण्यातला हा प्रकार. जॉन कारपेंटरने १९७६ मध्ये 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' सुमारे एक लाख डॉलरमध्ये केला. बंद होऊ घातलेली पोलिस चौकी, एक रात्र, मोजकी माणसे. हल्लेखोरांच्या बंदुकांना सायलेन्सर लावलेले, त्यामुळे मोठा आवाज नाहीच. नुसत्या काचा फुटतात, टेबलावरचे कागद उडतात आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (१९९२) अवघ्या सात हजार डॉलरच्या आसपास झाला, आणि तो मुळात स्पॅनिश व्हिडिओच्या बाजारासाठीच काढला होता. जपानमध्ये तोएई कंपनीने १९८९ पासून केवळ व्हिडिओसाठी 'व्ही-सिनेमा' काढायला घेतला. त्यातला पहिलाच चित्रपट तासाभराचा पोलिसपट होता. पुढे ताकाशी मीइकेसारखा दिग्दर्शक याच तालमीत घडला. तेव्हा थेट व्हिडिओवर येणे म्हणजे टाकाऊ असणे, असे मुळीच नाही.

आता माझी तक्रार, आणि ती थोडी आपल्याकडेही आहे. आपली पुरवणी फक्त चित्रपटगृहात लागलेल्या चित्रपटांची परीक्षणे छापते. पूर्वी थेट डीव्हीडीवर येणारा आणि आता थेट ओटीटीवर येणारा हा माल कोणाच्याच नजरेखालून जात नाही. कोणी लिहिणार नाही हे काढणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून मग तीच मोटार दोनदा उडते. आठवड्याला चार ओळी द्याव्यात. पहिल्या भागातले कोण कोण आहे आणि वेष्टनावरचा नट किती मिनिटे दिसतो, एवढे छापले तरी पुष्कळ. चुकून एखादा चांगला निघाला तर तोही त्यामुळे कळेल.

मिनिटे मोजायला माणूस हवा असल्यास मी तयार आहे. घड्याळाकडे पाहत बसायची सवय या चित्रपटाने लावलीच आहे.

आपला,
एक जुना वाचक