भिंतीवरून कोपऱ्यात

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला. दहापैकी सात फ्री किक गोलच्या आडव्या दांडीवरून गेल्या आणि तू म्हणतेस, पायात जोर नाही. जोर भरपूर आहे गं. घोटाळा डाव्या पायाचा आहे. तो चेंडूच्या मागे पडतो, मग कंबर मागे कलते आणि चेंडू वर उचलला जातो. तो पाय चेंडूच्या बरोबर शेजारी, वीतभर अंतर सोडून टेकव. धाव सरळ घेऊ नकोस, तिरकी घे. चार पावलं पुरे. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचं जे हाड लागतं, ते चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली, उजवीकडे बसलं पाहिजे. फार खाली बसलं तर चेंडू तरंगतो, समोर उभ्या खेळाडूंची भिंत ओलांडतो, पण खाली येतच नाही. मधोमध बसलं तर फिरत नाही. फिरणारा चेंडू हवा एका बाजूला ढकलतो, म्हणून स्वतः दुसरीकडे वळतो. तुझा डावीकडे वळेल.

भिंत 9.15 मीटरवर, दांडी 2.44 मीटर उंच. वीस मीटरवरून उडी मारलेल्या भिंतीवरून जाऊन पुन्हा दांडीखाली यायचं, एवढीच जागा मिळते. 1982 च्या विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध ब्राझील 0-1 मागे असताना त्यांच्या झिकोने तीच जागा साधली होती. ती किक हळू करून पाहा. सराव संपला की हा माणूस गोलच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट टांगायचा आणि त्यावर नेम धरून मारत राहायचा. मला तो पेलेच्या खालोखाल वाटतो, तो या चिकाटीमुळे.

जपानमध्ये त्याचा पुतळा का, असं विचारलं होतंस. 1981 मध्ये टोकियोत त्याच्या फ्लामेंगो क्लबने इंग्लंडच्या लिव्हरपूलला 3-0 हरवलं. त्यात गोल एकही त्याचा नव्हता, तरी सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दहा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, तो जपानमधल्या काशिमा शहराच्या दुसऱ्या श्रेणीतल्या कंपनी-संघात खेळायला गेला आणि तिथल्या पोरांना व्यावसायिक खेळाडूसारखं वागायला शिकवलं. 1993 मध्ये जे-लीग ही जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा काशिमाच्या पहिल्याच सामन्यात त्याने नागोयाच्या संघावर तीन गोल केले, तेव्हा तो चाळिशीचा होता. समर्पण, निष्ठा, आदर हे त्याचे तीन शब्द काशिमाचा क्लब आजही जपतो. पुढे 2014 पासून तीन हंगाम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. 2015 ची इंडियन सुपर लीगची अंतिम फेरी फातोर्ड्यात 2-3 अशी हातची गेली, पण गोवेकरांचं त्याच्यावरचं प्रेम काही आटलं नाही. पोर्तुगीज जाणणाऱ्या तिथल्या म्हाताऱ्यांना तर त्याचं बोलणं थेट कळायचं.

आता शर्ट टांग. रोज तीस किक, त्याहून जास्त नको. पाय थकला की डावं पाऊल पुन्हा मागे पडतं. पहिल्या दहा भिंतीशिवाय मार. पुढचा व्हिडिओ बाजूने काढ, म्हणजे ते पाऊल मला दिसेल.

तुझे बाबा