मस्टर मालकाजवळ, पुरावा मजुराने आणायचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ग्रॅज्युइटी, म्हणजे काम सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, आता एका वर्षातच मिळणार, ही तुमची कालची बातमी आमच्या गावात बऱ्याच जणांनी कापून ठेवली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या हे खरं, पण एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांनाच आहे, एवढं तरी छापायला हवं होतं. जिनिंगवरची (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली) पोरं कालपासून मला विचारतात, "काका, आपले किती निघतीन?" त्यांच्याजवळ करार सोडा, पगाराची चिठ्ठीसुद्धा नाही.

माझंच सांगतो. एकाच जिनिंगमध्ये मी 22 सीझन काढले. दिवाळीत कापूस सुरू झाला की बोलावणं यायचं, ते थेट होळीपर्यंत. साठी उलटली, रुईच्या धुळीने छाती भरली, तेव्हा काम सोडलं. हंगामी कामगाराला दर सीझनमागे सात दिवसांची मजुरी ग्रॅज्युइटी म्हणून द्यायची, हे 1972 च्या कायद्यातच आहे आणि नव्या संहितेनेही ते ठेवलं आहे. माझा शेवटचा रोज 450 रुपये, म्हणजे 69,300 होतात. दिवाणजी म्हणाले, "सीझनच्या मजुराले काहाची ग्रॅज्युइटी?"

मी अर्ज केला. कारखाना चालला त्याच्या पाऊणपट दिवस हजर असलो तर ते सलग काम धरतात. तेवढं दाखवायला माझ्याजवळ मुकादमाची लाल पुठ्ठ्याची वही आहे. नावापुढे पेन्सिलच्या उभ्या रेघा, नागा असेल तिथे फुली, शनिवारी माझी सही. मालकाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर मात्र मी तीनच सीझन निघालो, तेही तीन वेगळ्या ठेकेदारांच्या नावाखाली. त्यातला एकही ठेकेदार मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. जिनिंग तीच, मुकादम तोच, बदलत होतं ते फक्त कागदावरचं नाव. मस्टर ठेवणं मालकाचं काम, मग त्याने नाव लिहिलं नाही याची शिक्षा मला का?

सात जणांनी अर्ज केला तर संघटना नोंदवता येते म्हणतात. आम्ही नऊ जणांनी सह्या केल्या होत्या. पुढच्या दिवाळीला त्यातल्या चौघांना बोलावणंच आलं नाही. बाकीचे गप्प बसले, मीही बसलो. त्याचं आजही वाईट वाटतं.

आणखी एक. माझ्या ग्रॅज्युइटीच्या अर्जाची सुनावणी सकाळी 11 ची असते आणि आमची सकाळची एसटी बंद केली आहे. पुढची गाडी जिल्ह्याला साडेबाराला पोहोचते. मागच्या तारखेला मी 'गैरहजर' लागलो. ही गाडी सुरू करा म्हणून तुमच्या पेपरात दोन ओळी तरी द्या. पुढची तारीख 14 ला आहे. आदल्या संध्याकाळीच निघतो, वही घेऊन.

आपला,
एक जिनिंग कामगार, वऱ्हाड