कांदा, बैल आणि तीस दिवसांची नोटीस

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कांद्याच्या निर्यातबंदीवर मी बोललो तेव्हा तुला मी आपल्यातला वाटलो, आणि गोवंश हत्याबंदीचा विषय निघाला तसा एकदम परका झालो. ‘शेतीत तू बाजारवाल्यांच्या बाजूचा, खाण्यापिण्यात आणि लग्नात पुरोगाम्यांच्या. एकदा काय ते ठरव,’ असं तू लिहिलंस. ते मला लागलं, कारण मी ठरवलेलंच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी स्वातंत्र्यवादी आहे. सज्ञान माणूस दुसऱ्यावर जबरदस्ती न करता, कुणाला न फसवता, कुणाच्या मालमत्तेला हात न लावता जे काही करतो, त्यात सरकारने पडू नये, असं मी मानतो. मग तो माल विकत असो, लेख लिहीत असो, जेवत असो की लग्न करत असो. तुला ही दोन वेगळ्या छावण्यांची मतं वाटतात. मला ती एकाच मुळावरची वाटतात आणि त्याला आपल्याच इतिहासात पुरावा आहे.

२६ मे १९५० ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या डाव्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाच्या बाजूने. त्यावर मद्रास सरकारने बंदी घातली होती. दुसरा संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’च्या बाजूने. त्याला दिल्लीत छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायची सक्ती होती. डावा आणि उजवा, दोघांनाही घटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या एकाच कलमाने वाचवलं. मग जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. तिने बोलण्या-लिहिण्यावर निर्बंध घालायची नवी कारणं सरकारच्या हाती दिली, आणि त्याच दुरुस्तीने नववं परिशिष्ट जन्माला घातलं. त्या परिशिष्टात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरुद्ध असला, तरी तेवढ्या कारणावरून तो रद्द होणार नव्हता. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, पुढे ती यादी २८४ वर गेली, आणि त्यातले बहुतेक जमिनीचे. जमीनदारी मोडायची होती हे मला मान्य आहे, ती मोडायलाच हवी होती. पण जीभ आणि जमीन या दोन्हींवर एकाच कागदाने, एकाच महिन्यात हात पडला, हे विसरून कसं चालेल? पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढूनच टाकला.

आता कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, मग ४ मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. हे सरकार वाईट आणि ते चांगलं, असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक सरकारने हेच केलंय. सप्टेंबर २०२० आठव. १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली आणि १७ तारखेला लोकसभेत शेतकऱ्याला बाजारस्वातंत्र्य देणारी म्हणून विधेयकं मंजूर झाली. ज्यांनी ती आणली त्यांचा स्वतःच्या विधेयकांवरच विश्वास नव्हता, आणि ज्यांनी विरोध केला त्यांनी निर्यातबंदीपेक्षा जास्त राग त्या विधेयकांवर काढला. मी त्या वेळी दोन्हीकडे एकटा होतो.

तू म्हणशील, शहरातल्या गरिबाने ऐंशी रुपयांनी कांदा घ्यायचा का? प्रश्न खरा आहे. गरिबाला मदत करायची तर सगळ्यांच्या करातून कर, थेट त्याच्या खात्यात पैसे दे. पण त्या मदतीचा सगळा भार कांदाचाळीत माल साठवून बसलेल्या शेतकऱ्याने का उचलायचा? कापडाचा भाव चढला म्हणून कापडाची निर्यात कुणी रातोरात बंद करत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९८० साली चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर उतरले ते ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत. सबसिडीपेक्षा मोकळीक मागणारी चळवळ आपल्याकडे झाली, मराठीत झाली, याचा मला फार अभिमान आहे. नंतर आपण सगळे कर्जमाफीच्या याद्यांमध्ये अडकलो.

जमिनीचंही तेच. कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा अजून उभा आहे: बारमाही बागायत १८ एकर, जिरायत ५४ एकर. शहरी जमिनीवरची तशीच मर्यादा महाराष्ट्राने २००७ मध्ये उठवली. बिल्डर सुटला, शेतकरी राहिला. वर शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, हा नियम. विकायची वेळ येते ती अडचणीत, आणि त्या वेळी गिऱ्हाईक कोण असावं हे कायदा ठरवतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. हा नियम शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे असं मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणि आता बैल. इथे तू मला सोडून गेलास, म्हणून इथे थोडा थांब. १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. बैलाच्या बाबतीत तो निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर परवानगी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवी जोडी घ्यायची, हे गावातल्या माणसाचं साधं अर्थशास्त्र होतं. आता त्याला गिऱ्हाईक नाही, आणि जे आहे ते वाटेत अडवलं जाईल म्हणून घाबरलेलं. कांदा विकू दिला नाही की तू चिडतोस. मग बैल विकू दिला नाही की तो शेतकरी वेगळा कसा होतो? तुझी श्रद्धा मी मानतो. तू तुझा बैल मरेपर्यंत सांभाळ, गोशाळेला देणगी दे, दुसऱ्याचं मन वळव. शेजाऱ्याच्या गोठ्यावर पोलीस पाठवू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कायदेशीर कापलेलं गोमांस घरात ठेवणं गुन्हा ठरवणारं कलम खासगीपणाच्या हक्काच्या विरुद्ध म्हणून रद्द केलं. ते वाचून मला खरोखर बरं वाटलं.

लग्नाबद्दल तू लिहिलंस की ‘फसवणूक होते, म्हणून कायदा हवा.’ फसवणूक आणि जबरदस्ती आजही गुन्हा आहे, ती कुठल्याही धर्माच्या माणसाने केली तरी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे. दोघांची नावं-पत्ते कार्यालयात फळ्यावर लागतात. हरकत घ्यायची ती फक्त वय, आधीचं लग्न, नात्याची मनाई, मानसिक असमर्थता अशा कारणांवर. पण प्रत्यक्षात तो कागद पोचतो घरच्यांच्या आणि गल्लीतल्या संघटनांच्या हाती. हिंदू विवाह कायद्यात अशी नोटीस नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहीर नोटीस जोडप्याच्या मर्जीवर सोडली. आपल्याकडे मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला सरकारी समिती नेमली गेली. सज्ञान मुलीने कुणाशी लग्न केलं याची नोंद समितीकडे कशाला?

बोलण्याच्या स्वातंत्र्यावर फार लिहीत नाही, तिथे तुझं-माझं बरंच जमतं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली तेव्हा तूही संतापला होतास, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते ६६-अ कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. तोच संताप जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संघटना बेकायदा ठरवायचे अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा मला दिसला नाही. त्यात निशाण्यावर डाव्या संघटना आहेत म्हणून? र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या लैंगिक शिक्षणाच्या मासिकासाठी १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी ते उभे राहिले.

आता जिथे मी माझ्याच पंथातल्या काही लोकांपासून वेगळा होतो ते सांगतो. परदेशी पुस्तकं वाचून स्वातंत्र्यवादी झालेले आपले काही मित्र म्हणतात, जबरदस्ती फक्त सरकार करतं. समाजातल्या संस्था स्वेच्छेच्या असतात. मला हे महाराष्ट्रात राहून म्हणता येत नाही. जातपंचायत वाळीत टाकते तेव्हा विहीर बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही, मुलांची लग्नं अडलेली. तिथून बाहेर पडायची वाट नसते, मग स्वेच्छा कसली? म्हणून २०१७ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आगरकरांनी ज्या सत्तेशी आयुष्यभर भांडण केलं ती काही फक्त इंग्रजांची नव्हती.

आणि इथेच मी अडतो ते घरभाड्याच्या प्रश्नावर. स्वतःच्या घरातली एक खोली कुणाला द्यायची हे मालकाने ठरवावं, मग त्याचं कारण मला कितीही हीन वाटो. ते मी तोंडावर सांगेन, पण पोलीस बोलावणार नाही. सबंध सोसायटीने उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, करून एका धर्माला, एका जातीला दार बंद केलं तर? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा तसा उपविधी वैध धरला. कायद्याच्या भाषेत ते संघटनस्वातंत्र्य आहे. पण एका शहरातल्या शंभर सोसायट्यांनी तेच केलं, तर ज्याला घर हवं त्याच्या दृष्टीने ती जातपंचायतच झाली. मी या दुसऱ्या बाजूला झुकतो. निदान जी सोसायटी सरकारने दिलेल्या जमिनीवर उभी आहे तिला हा अधिकार नसावा, इथपर्यंत मी पोचलोय. त्यापुढचं अजून जुळत नाही.

तू तुमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेस, म्हणून मुद्दाम विचारतो. भाडेकरूंच्या अर्जात धर्म आणि जात असे रकाने आहेत असं तूच मागे बोलला होतास. ते कशासाठी ठेवलेत ते विचार, आणि येत्या सभेत ते काढायचा ठराव मांडायची तुझी तयारी आहे का ते मला कळव. विरोध कोण करतं आणि काय कारण देतं, तेही लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदानंद