कोसेल की लॅम्पली?

महोदय,

बॉक्सिंगचा सर्वोत्तम समालोचक कोण, या वादात बहुतेक जण हॉवर्ड कोसेल यांचं नाव घेऊन मोकळे होतात. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, तेव्हा कोसेल ‘डाऊन गोज फ्रेझर!’ एवढंच ओरडत राहिले. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. एरवी मात्र लढतीपेक्षा त्यांचाच तोरा जास्त. (१९८२ मध्ये होम्स-कॉब लढतीतली एकतर्फी मारहाण पाहून त्यांनी व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचन सोडलं, त्याबद्दल सलाम.)

माझा कौल जिम लॅम्पली यांना. १९९४ मध्ये ४५ वर्षांच्या फोरमनने मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं केलं आणि लॅम्पली ओरडले, ‘इट हॅपन्ड!’ ती चित्रफीत आवाज बंद करून बघा. मूरर पाठीवर, फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून. तरी जेवणात मीठ नसल्यासारखं वाटतं.

बीबीसीचे हॅरी कारपेंटर १९८९ च्या टायसन लढतीत ‘गेट इन देअर, फ्रँक!’ म्हणून आपल्याच देशाच्या फ्रँक ब्रूनोला चक्क चेव देत होते. पक्षपातच तो, पण चालून जातो. डोकं फिरतं ते हुकलेल्या ठोशालाही ‘जबरदस्त!’ म्हणणाऱ्यांमुळे. परवा एका वाहिनीवर एक महाशय ऐन फेरीत खेळाडूच्या शाळेची माहिती वाचत होते. पंचांनी आकडे मोजायला सुरुवात केली, तरी यांची शाळा काही सुटेना!

– एक वाचक, कोल्हापूर